मुक्कामाची जागा कोणाची?

कार्तिकी जवळ आली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावी एकच लगबग सुरू होते. टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, पखवाजाला शाई भरली जाते, पताका धुतल्या जातात. ओतूर ही बाबाजी चैतन्यांच्या समाधीची भूमी आणि आळे ही ज्या रेड्याच्या मुखाने माउलींनी वेद वदविले त्याच्या समाधीची भूमी. अशा मुलखातल्या दिंड्या नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करीत कार्तिक वद्यात आळंदीस पोहोचतात. वाटेत कसे चालावे, काय गावे, एकादशी कशी पाळावी, हे या पानांतून पुष्कळ वेळा सांगून झाले आहे. परंतु रात्री टेकावयाचे कोठे आणि शेजाऱ्यास किती जागा सोडावयाची, यावर फारसे कोणी बोलत नाही. हा विषय लहान वाटतो खरा. पण दिवसभर नामस्मरण करणारी तोंडे संध्याकाळी तंबूच्या खुंटीवरून कशी सुटतात, हे ज्याने पाहिले आहे तो त्यास लहान म्हणणार नाही.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दुसऱ्याचे दोष सांगून पाठ देणे सोपे असते, पण तो पाठ लागत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकीस निघालेल्या आमच्या दिंडीचा मुक्काम मंचरच्या पुढे, खेडच्या वाटेवर एका शेतात होता. दिंडीत एकशे दहा माणसे. आमची मालमोटार दुपारीच पुढे गेली होती. तरुण मंडळींनी शेताचा उंचवट्याचा, कोरडा भाग पाहून दोरी ओढली, राहुट्या ठोकल्या. मोटारीला जागा, पाण्याच्या टाकीला जागा, आणि दुसऱ्या दिवशी देणगीदार मंडळी येणार म्हणून त्यांच्या मोटारींनाही जागा राखून ठेवली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे सिद्ध होते. आम्हांस बरे वाटले.

दिवेलागणीस एक लहानशी दिंडी आली. पश्चिमेकडच्या डोंगरातली, भाताच्या मुलखातली. माणसे बावीस, एक वीणा, आठ-दहा टाळ, डोक्यावर गाठोडी. मोटार नाही, राहुटी नाही. त्यांच्यातल्या एका वृद्धाने आमच्या व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांस हात जोडून विचारले, "माउली, रातच्याला पाठ टेकायपुरती जागा होईल का?"

"माउली, आमची जागा ठरलेली आहे. तिकडे बांधाकडे बघा."

ते बांधाकडे गेले. बांधाच्या पलीकडे ऊस उभा होता आणि अलीकडे पाटाची ओल होती. आम्ही हे ऐकले, पाहिले, आणि काही बोललो नाही. त्या रात्रीचे कीर्तन आमचे होते. विषय होता भूतदया. आमच्या डोक्यात दृष्टांत घोळत होते.

कीर्तन झाले, पंगती उठल्या, सगळी निजली. मध्यरात्रीस जाग आली तो बांधाकडून टाळांचा आवाज येत होता. आम्ही राहुटीत पडल्या पडल्या मनात म्हटले, "काय प्रेमळ मंडळी आहेत! दिवसभर चालून रात्रीचा जागर करतात." त्या नादात आम्हांस पुन्हा झोप लागली.

सकाळी आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि एका आजीबाईंस म्हणालो, "आजी, रात्रभर भजन केलेत. धन्य आहात."

आजीबाई म्हणाल्या, "भजन कशाचं, महाराज! उसात वाघरू होतं. भ्या वाटत होतं म्हणून टाळ वाजवत बसलो."

शेजारी शेकोटीची राख होती. पाटाच्या ओल्या मातीत बिबट्याच्या पंजांचे ठसे होते. आजीबाईंच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

या भागातल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे. कालव्यांचे पाणी फिरले, जिथे पावसाच्या भरवशाची पिके होती तिथे बारमाही ऊस उभा राहिला. उसात बिबट्यास दडण्यास आसरा मिळतो, तिथेच मादी पिले घालते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत माणसे मुलांना जपून संध्याकाळ काढतात. पाण्याने आणखीही एक गोष्ट केली. पूर्वी कार्तिकात पुष्कळ राने मोकळी सापडत. आता कांदा, बटाटा, ऊस उभा असतो. पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला, कडेच्या मोकळ्या जागांवर दुकाने, हॉटेले उठली. वारकरी वाढले आणि टेकण्याची जागा आटली. म्हणून हा प्रश्न आज आपल्या वडिलांच्या काळापेक्षा अवघड झाला आहे.

असो. त्या सकाळी आम्ही आमच्या मंडळींकडून दोरीने जागा मोजविली. आमचा घेर ऐंशी हात लांब आणि साठ हात रुंद भरला, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. आता खरी गरज किती? माणूस साडेतीन हातांचा. त्यास निजावयास चार हात लांबी व दोन हात रुंदी पुरे, म्हणजे आठ चौरस हात. एकशे दहा माणसांस आठशे ऐंशी. चूल, वाट, मोटार, टाकी यांसाठी तितकीच आणखी धरली तरी सतराशे साठ. याचे गुंठे होतात पावणेचारांच्या आत. आम्ही अडविले होते दहा. आणि त्या बावीस माणसांस याच हिशेबाने पाऊण गुंठासुद्धा लागला नसता. देणगीदारांच्या मोटारींसाठी राखलेली जागा त्याहून मोठी होती.

आता या विषयात जे पूर्वपक्ष नेहमी निघतात त्यांचा विचार करू.

पहिला पूर्वपक्ष असा की, "आम्ही आधी आलो." आधी येणाऱ्यास निवडीचा मान असावा, हे कबूल. पण आधी कोण येतो? ज्याच्याजवळ मोटार आहे तो. ती डोंगरातली मंडळी भाताची कापणी उरकून निघाली होती आणि सारी वाट पायी आली होती. त्यांचा उशीर आळसाचा नव्हता, कष्टाचा होता. आधी पोहोचल्याने आपल्यास जागा निवडता येते, पण दुसऱ्याची जागा अडविता येत नाही. उलट जो आधी येतो त्याच्यावरच भार अधिक. मागून येणाऱ्यांसाठी काय उरते हे पाहणे त्यालाच शक्य असते.

दुसरा पूर्वपक्ष, "आमची माणसे जास्त, म्हणून आमचे आधी पाहा." येथे पाठशाळेत शिकलेला एक न्याय आठवतो. त्यास सूचीकटाहन्याय म्हणतात. सूची म्हणजे सुई, कटाह म्हणजे कढई. लोहाराकडे एकाने कढई करावयास टाकली. मागून दुसरा आला, त्यास सुई हवी होती. शहाणा लोहार सुई आधी करून देतो, कारण तिला वेळ थोडा लागतो आणि कढईचे काही अडत नाही. तसे लहान दिंडीस आधी बसवावे. तिला कोपरा पुरतो, मोठ्या दिंडीचे त्याने काही उणे होत नाही. एक सुई ही आणि दुसरी सुई दुर्योधनाची. पांडवांनी शेवटी पाच गावे मागितली, तर तो सुईच्या टोकावर राहील इतकीही माती देईना. त्याचे पुढे काय झाले ते आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मग रात्री शेतात दोरी ओढताना यातली कोणती सुई आपल्या हातात आहे, हे पाहावयास नको का?

तिसरा पूर्वपक्ष बळकट आहे. "ही जागा आमची परंपरेची. आमचे आजे येथेच उतरत." परंपरेस आम्ही हसणार नाही. पालखी सोहळ्यात दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत म्हणूनच रोज सकाळी भांडण होत नाही. परंतु तो क्रम चालण्याचा आहे, जमिनीच्या मालकीचा नव्हे. शेत शेतकऱ्याचे. त्याने ते वारीस दिले, एका दिंडीस नव्हे. आपल्या आज्यांनी मिळविली ती त्या गावची माया. ती माया आपण दुसऱ्यास हाकलण्यासाठी वापरली तर आजेही आपल्यावर रागावतील. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी, मिळालेले दुसऱ्यास न देता एकट्याने भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. ते अन्नापुरते नाही. पाठ टेकण्याची जागाही मिळालेलीच वस्तू आहे.

मग वाद पडल्यास निर्णय कोणी करावा? याज्ञवल्क्यस्मृतीत सीमेच्या वादांचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे हद्द सांगण्याचे काम शेजारच्या लोकांवर, वृद्धांवर, गुराख्यांवर, सीमेलगत नांगर धरणाऱ्यांवर सोपविले आहे. म्हणजे ज्यांचे पाय त्या मातीस लागलेले आहेत त्यांचा शब्द. मुक्कामावरही तसेच असावे. शेतकऱ्यास विचारावे, "दादा, ओल कुठे आहे, जनावराची वाट कुठे आहे?" आणि दोन्ही दिंड्यांच्या एकेका वडील माणसाने मिळून जागा लावावी.

दुसरी युक्ती आपल्याच संप्रदायात आहे आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आषाढीच्या वाटेवर, हैबतबाबांच्या शिस्तीने चालणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात, तळावर रोज समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, आणि नंतरच आरती होते. काय सुंदर रीत आहे पाहा! लाखांच्या समुदायात गरिबातल्या गरीब दिंडीस हे दोन टाळ मिळाले आहेत, आणि ते वाजत असताना माउलींची आरतीसुद्धा थांबते.

हे लिहिताना आमचा हात अडखळतो. त्या रात्री बांधावर टाळ वाजत होते. ती तक्रार होती. आम्ही तिला भजन समजून झोपी गेलो.

आता आचरणाच्या चार गोष्टी.

एक. दोरी ओढण्याआधी डोकी मोजावीत. माणशी आठ चौरस हात, आणि तितकीच जागा इतर सोयींसाठी. याहून अधिक अडवू नये. उद्या येणाऱ्या मोटारींसाठी आज आलेल्या माणसास उठवू नये.

दोन. जागेचा वाटा नुसता मापाचा नसतो. पाऊण गुंठा कोरडा आणि पाऊण गुंठा ओला हे सारखे नव्हेत. म्हणून कडेची, ओलीची, उसालगतची जागा एकाच दिंडीच्या वाट्यास टाकू नये. होईल तितके उसापासून दूर राहावे. म्हातारी माणसे, आयाबहिणी आणि मुले मध्ये, धडधाकट तरुण कडेला. दिवा आणि पहारा सर्व दिंड्यांनी पाळीने ठेवावा. बिबट्या काही दिंडीचा क्रमांक विचारीत नाही.

तीन. पाणी कोणाच्याही घेरात घेऊ नये. नळाशेजारी, विहिरीशेजारी राहुटी ठोकणे म्हणजे सगळ्यांच्या घशावर दोरी ओढणे.

चार. तक्रार असेल तर त्याच रात्री, आरतीपूर्वी बोलावी. मनात ठेवून आळंदीपर्यंत नेऊ नये. आणि मोठ्या दिंडीच्या प्रमुखाने झोपण्यापूर्वी एक फेरी मारून, कोणाचे टाळ वाजत राहिले आहेत का, हे स्वतः पाहावे.

कोणी म्हणेल, आता पंढरपुरास नदीपलीकडे पासष्ट एकरांत आखून जागा देतात, तसे सगळीकडे सरकारने करावे म्हणजे मिटले. आखून दिलेली जागा चांगलीच. पाणी, दिवे, शौचालये मिळतात, ती सोय थोडी नव्हे. पण वाटेवरच्या प्रत्येक शेतात कोण आखणार? आणि आखलेल्या रेघेच्या आतही गरजेहून अधिक अडवणारा असतोच. शेवटी रेघ मनात असावी लागते.

त्या दिंडीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. पुढच्या वर्षी आम्ही त्या शेतात कोरडा कोपरा राखून वाट पाहिली. ती मंडळी आली नाहीत. त्यांनी तो मुक्कामच सोडला असे शेतकऱ्याकडून कळले. क्षमा मागावयाची ती राहूनच गेली. तेव्हापासून आमची दिंडी दर मुक्कामी उंचवट्यावरचा पाऊण गुंठा मोकळा ठेवते. कोणी ना कोणी उशिरा येतेच, कधी पाच माणसे, कधी पंधरा, आणि जागा भरते.

आळ्यास जाल तेव्हा त्या समाधीपुढे घटकाभर उभे राहा. ज्यांना स्वतःला समाजाने जागा नाकारली, त्या माउलींनी एका मुक्या जनावरास वेदांच्या पंगतीत जागा दिली. आपल्यास तर फक्त चार हात लांब आणि दोन हात रुंद द्यावयाचे आहे, तेही एका रात्रीपुरते, आणि दुसऱ्याच्या शेतातले. या कार्तिकीस एवढे करू या.

रामकृष्णहरि.