गाणे विकत की भाड्याने?

झाशीत नारोशंकरांच्या सुभेदारीपासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मराठी कुटुंबे वसलेली आहेत. अशा घरांना नाट्यसंगीताची कॅसेट हवी असे, तेव्हा पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यावर भिस्त ठेवावी लागे. संगणकावर गाणे उतरवून घेण्याची सोय झाली आणि अंतराची अडचण मिटली. परंतु पैसे मोजून घेतलेले गाणे आपले किती, हा नवा प्रश्न उभा राहिला.

या व्यवसायात आरंभापासून दोन पंथ होते. डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेत 'ऱ्हॅप्सडी'ने मासिक वर्गणीवर गाणी ऐकविण्यास प्रारंभ केला. अ‍ॅपलने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्सचे दुकान उघडून एकेक गाणे ९९ सेंटला विकले. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. २००५मध्ये याहूने वर्गणीचा दर प्रतिस्पर्ध्यांच्या जवळपास निम्म्यावर आणला, अर्थात वर्षाची रक्कम एकदम भरणाऱ्यांसाठी.

वर्गणी थांबली की संगीत थांबते, हे उघडच आहे. विक्रीचा व्यवहार अधिक फसवा होता. विकलेल्या गाण्यांना बहुधा डिजिटल कुलूप असे आणि किल्ली विक्रेत्याकडे राही. मायक्रोसॉफ्टच्या 'एमएसएन म्युझिक'ने २००८मध्ये या किल्ल्या देणे बंद करण्याचे जाहीर केले. पूर्ण किंमत भरलेली गाणी नव्या संगणकावर नेणे त्यामुळे अशक्य होणार होते! ग्राहकांनी ओरड केल्यावर ही मुदत २०११पर्यंत वाढविण्यात आली. अ‍ॅपलने २००९मध्ये आपल्या गाण्यांवरील कुलूप काढले.

आपल्याकडे फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे गाण्यांचे दुकान फेब्रुवारी २०१२मध्ये उघडले आणि जून २०१३मध्ये मिटले. तेथील गाणी कुलपाविना असल्याने ज्यांनी ती वेळीच उतरवून ठेवली त्यांचे नुकसान झाले नाही. याउलट, पुण्यात कार्यालय असलेली 'धिंगाणा' ही केवळ ऐकविण्याची सेवा २०१४च्या आरंभी बंद पडली, तेव्हा श्रोत्यांच्या हाती काहीच उरले नाही. पुढे तिला विकत घेणारी 'आरडिओ'ही २०१५मध्ये दिवाळखोरीत गेली.

आज वर्गणीचाच पंथ प्रबळ आहे आणि ती रक्कम बहुधा खात्यातून आपोआप वळती होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरील अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळते व दिलेली संमती मागे घेता येते. मोबाइलवरून अ‍ॅप काढून टाकल्याने मात्र ती संमती रद्द होत नाही. ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते.