ओरडायचं कधी, गप्प कधी

नोवी, मिशिगन
ऑक्टोबरअखेर

चि. ओंकार,

लॅबमधल्या मित्राने ओहायो स्टेटविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचं तिकीट देऊ केलंय, आणि ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून तू नको म्हणायच्या बेतात आहेस, असं ताई सांगत होती. नको म्हणू नकोस. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, आणि त्या सगळ्यांनी खेळ कोळून प्यायला आहे असं मुळीच नाही. मात्र न कळणाऱ्याने तिथे कसं वागावं याची एक रीत आहे. ती तेवढी शिकून जा.

आधी गरजेपुरता खेळ. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुधा लाथ मारून चेंडू लांब धाडतात, नाहीतर खांबांमधून मारून तीन गुण घेतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोचला तर सहा गुण, वर एकाची किंवा दोनाची संधी. बाकी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग नुसते नावाला. सामना साडेतीन तास सहज चालतो. सुरुवातीला चेंडू कुठे गेला हेच तुला दिसणार नाही. अशा वेळी चेंडूचा नाद सोड आणि पुढच्या ओळीत समोरासमोर वाकून उभी असलेली मुलं बघ. कोण कोणाला मागे रेटतंय हे कळलं की निम्मा खेळ कळला.

आता मुख्य गोष्ट. क्रिकेटला आपला फलंदाज खेळत असताना आपण घसा फोडतो. इथे नेमकं उलट. मिशिगनकडे चेंडू असेल तेव्हा गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा गडी, आपल्या गड्यांना ओरडून इशारे देत असतो आणि ते त्यांना ऐकू जायला हवेत. चेंडू ओहायोकडे गेला की मात्र जेवढा आवाज काढता येईल तेवढा काढ. त्या गोंगाटात त्यांचा एखादा गडी वेळेआधी हलला, तर त्यांना पाच यार्डांचा दंड बसतो. म्हणजे तुझ्या ओरडण्याला खरोखर मोल आहे, पण ते वेळेवर झालं तरच. मोक्याच्या वेळी विद्यार्थी किल्ल्यांचे जुडगे वाजवतात. तुझाही खिशात असू दे. आणि विद्यार्थ्यांच्या भागात सामनाभर उभंच राहावं लागतं, तेव्हा बूट चांगले घाल.

कपड्यांचं सांगते. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, थँक्सगिव्हिंगनंतरचा. बर्फ पडेल किंवा पडणारही नाही, पण बाक अ‍ॅल्युमिनियमचे आहेत आणि गारठा पायांतून वर चढतो. दोन जोड लोकरी मोजे घाल आणि पायाखाली घ्यायला पुठ्ठ्याचा तुकडा चालतो का, ते मित्राला विचारून घे. ताईने विणलेला लाल स्वेटर कितीही उबदार असला तरी घरी ठेव. लाल रंग ओहायोचा. आपला निळा आणि मक्याचा पिवळा. बॅगही घरीच ठेव, दारावर अडवतील.

हे वैर १८९७ पासून मैदानावर चालू आहे, आणि त्याच्याही आधी १८३५ मध्ये ओहायो आणि मिशिगन टोलेडोच्या पट्ट्यावरून हमरीतुमरीवर आली होती. टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला बदल्यात वरचं द्वीपकल्प मिळालं. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर फुल्या मारतात. ऐकून हस जरूर, पण चाहत्यांसमोर ‘हा नुसता खेळच तर आहे’ असं म्हणू नकोस. यात्रेतला पाहुणा देवस्थानाच्या खरेखोटेपणावर वाद घालत नाही, तसंच हे.

सामना दुपारी बाराला सुरू झाला तरी तू सकाळीच जा. स्टेडियमभोवतीच्या गवतावर गाड्या लावून, मागचं दार उघडून लोक शेगड्या पेटवतात. त्याला टेलगेट म्हणतात. मित्राच्या घरचे बोलावतील. रिकाम्या हाताने जायचं नाही. मी पोह्यांच्या चिवड्याचा डबा पाठवते. तू मांस खात नाहीस हे आधीच सांग, म्हणजे यजमानाची पंचाईत होणार नाही. जवळ गेलास की स्टेडियम ठेंगणं वाटेल, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. आत पाऊल टाकलंस की ते खाली पसरत गेलेलं दिसेल. मध्यंतरात खायला पळू नकोस. तेव्हा बँड मैदानावर येतो, आणि तो बघायला नियम कळावे लागत नाहीत.

शेवट होईपर्यंत उठायचं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये याच मैदानावर मिशिगन २३-२१ ने पुढे होतं आणि दहा सेकंद उरली होती. चेंडू नुसता लांब लाथाडायचा होता. तो हातातून निसटला, मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने उचलला आणि घड्याळ संपता संपता शेवटच्या पट्ट्यात नेला. २७-२३. गर्दी टाळायला जे लवकर निघाले असतील, त्यांनी पार्किंगमध्ये काय ऐकलं असेल! त्या धावेत त्या मुलाच्या खुब्याला जबर दुखापत झाली, हेही लक्षात ठेव. मैदानावरची मुलं तुझ्याच वयाची, कुणी दोन वर्षांनी लहानच. आता काहींना पैसे मिळतात, म्हणून शिव्या घालायचा परवाना कोणाला मिळत नाही. मुलगा पडून उठत नसेल तेव्हा लाखभर लोक गप्प होतात. तूही हो, मग तो लाल कपड्यांतला का असेना. फोनवर पैजा लावणारे शेजारी भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. पैसे लावलेला माणूस सामना बघत नाही, हिशेब बघतो.

जिंकलो तर लाल कपडेवाल्याला डिवचू नकोस, हरलो तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. नेटवर्क कोलमडतं, तेव्हा मित्राशी भेटायची जागा आधीच ठरव. आणि रविवारी दुपारी त्याला घेऊन जेवायला ये. तिकीट त्याने दिलं, पुरणपोळी माझ्याकडून.

तुझी,
मावशी