प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी घरचं विजेचं बिल काढा

अमेरिकेत राहताय, ऑफिसला रोज तीसेक मैल जाणं-येणं आहे आणि सुट्टीतल्या लांबच्या प्रवासात चार्जर शोधत बसायचं नाही? मग डीलर तुम्हाला प्लग-इन हायब्रिड सुचवणारच. गाडी चांगली आहे, पण ती तुम्हाला परवडेल का हे तुमच्या घरच्या विजेच्या दरावर ठरतं. तो हिशोब शोरूमला जाण्याआधी करा.

किती मैल, किती तास

साध्या हायब्रिडला प्लग नसतो, म्हणून आधी चार्जिंगचं झाकण उघडून बघा. ईपीएच्या आकड्यांनुसार टोयोटा रॅव्ह४ प्राइम (2021 ते 2024, 2025 मध्ये नाव बदलून रॅव्ह४ प्लग-इन हायब्रिड) नुसत्या विजेवर 42 मैल जाते. 2023 नंतरची प्रियस प्राइम एसई 44 मैल जाते, क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड 32. भिंतीवरच्या साध्या 120 व्होल्टच्या आउटलेटवर टोयोटाच्या या दोन्ही गाड्या पूर्ण चार्ज व्हायला 11 ते 12 तास लागतात. संध्याकाळी सातला लावा, सकाळी सातला तयार.

थंडीत हे मैल घटतात. टोयोटाच्या गाड्यांत पुढच्या काचेचा डीफ्रॉस्ट दाबला की इंजिन सुरू होतं. निघण्याआधी, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घ्या.

खरा हिशोब

बिलावरचा फक्त ‘सप्लाय’चा दर बघू नका. ‘डिलिव्हरी’ वेगळी लावलेली असते. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, हा तुमचा खरा दर. रात्रीचा दर वेगळा असेल तर तो धरा.

आता गॅसच्या एका गॅलनच्या दराला 14 ने भागा. पॅसिफिका असेल तर 12 ने. गॅस 3.20 डॉलर असेल, तर टोयोटासाठी उत्तर येतं 23 सेंट. तुमची वीज त्याहून स्वस्त असेल तर प्लग लावण्यात फायदा आहे. कॅलिफोर्नियात बऱ्याच घरांना वीज याहून महाग पडते. तिथे गॅसवर चालवणं स्वस्त पडू शकतं.

उदाहरण घ्या. रॅव्ह४ प्राइम, महिन्याला 750 मैल, सगळे विजेवर. 100 मैलांना सुमारे 36 युनिट, म्हणजे 270 युनिट. 18 सेंटने 49 डॉलर. तेवढेच मैल गॅसवर गेलात तर गॅलनला 38 मैलांच्या हिशोबाने 63 डॉलर. प्लग लावून वाचले महिन्याला 14 डॉलर.

240 व्होल्टचा चार्जर लागतो का?

बहुतेकांना नाही. चार्जर, इलेक्ट्रिशियन आणि टाउनशिपचं परमिट मिळून 1,500 डॉलर गेले, तर वरच्या बचतीतून ते वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागतील. पॅनेल बदलावं लागलं तर खर्च आणखी वाढतो. चार्जरवरची केंद्राची करसवलत ठरावीक भागांपुरतीच आहे आणि 30 जून 2026 नंतर बसवलेल्या चार्जरला ती मिळत नाही. दिवसातून दोनदा चार्ज करावं लागत असेल किंवा स्वस्त वीज रात्रीच्या चार-पाच तासांपुरतीच मिळत असेल, तरच विचार करा.

साधं आउटलेट वापरताना तीन गोष्टी पाळा. एक, एक्स्टेन्शन कॉर्ड लावू नका. दोन, पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. चांगलाच तापला असेल तर आउटलेट झिजलंय. चार्जिंग थांबवा आणि आउटलेट बदलून घ्या. तीन, त्याच सर्किटवर दुसरं काय आहे ते तपासा. चार्जर सलग 12 अँपिअर खेचतो. गॅरेजमधला दुसरा फ्रीज त्याच ब्रेकरवर असेल, तर मध्यरात्री ब्रेकर उडतो. सकाळी गाडी चार्ज झालेली नसते आणि फ्रीजरमधल्या आमरसाच्या डब्यांचं पाणी झालेलं असतं.

काँडोत राहत असाल तर असोसिएशनकडे अर्ज लेखी द्या. सोबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं कोटेशन आणि विम्याचं प्रमाणपत्र जोडा. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत विनाकारण नकार देता येत नाही, तसा कायदा आहे.

न दिसणारे खर्च

- करसवलत: नव्या गाडीवरची 7,500 आणि जुन्या गाडीवरची 4,000 डॉलरपर्यंतची केंद्राची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली. ‘परत मिळतील’ असं कोणी म्हणालं तर लेखी मागा.
- नोंदणी: ओहायोत प्लग-इन हायब्रिडला दरवर्षी 150 डॉलर जादा पडतात. न्यू जर्सीची जादा फी फक्त पूर्ण विजेवरच्या गाड्यांना आहे. आपल्या राज्याचा नियम बघा.
- डीलर: ‘डॉक्युमेंटेशन फी’, ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’, नको असलेलं कोटिंग. फोनवर हप्ता विचारू नका. ‘आउट-द-डोअर’ किंमत ईमेलवर मागा.
- देखभाल: इंजिन आहे, म्हणजे ऑइल बदलणं आलंच. टोयोटात 10,000 मैल किंवा वर्ष, जे आधी होईल ते.
- बाहेरचं चार्जिंग: वर सांगितलेल्या तिन्ही गाड्यांना डीसी फास्ट चार्जर चालत नाही. साध्या सार्वजनिक चार्जरवरही चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच उभी ठेवली तर काही ठिकाणी दंड लागतो.

जुनी गाडी घेताना

17 अक्षरी व्हिन नंबर मागून घ्या आणि केंद्राच्या वाहन-सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, साइटवर टाका. रिकॉल बाकी आहे का, ते लगेच आणि फुकट कळतं. पॅसिफिका हायब्रिडच्या 2017 ते 2021 च्या काही गाड्यांना बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे रिकॉल झाला होता आणि त्या घरापासून दूर लावायला सांगितलं होतं. तुमची गाडी मुलांच्या खोलीखालच्या गॅरेजमध्ये उभी राहणार असेल, तर काम पूर्ण झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरीची वॉरंटी किमान 8 वर्षं किंवा 1,00,000 मैल असते, टोयोटाची 10 वर्षं किंवा 1,50,000. गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या तारखेपासून ती मोजतात. ती तारीख विचारून लिहून घ्या.