लाल ढेकण्या आणि घरातील ढेकूण

कपाशीची बोंडे उकलू लागली म्हणजे त्यांवर तांबड्या किड्यांचे थवे दिसू लागतात. शेतकरी त्यांना लाल ढेकण्या म्हणतात. खाटेच्या सांध्यात दडणाऱ्या तपकिरी, चपट्या ढेकणाशी या देखण्या किड्याचे रूप फारसे जुळत नाही; तथापि नाव ठेवणाऱ्याची दृष्टी अचूक होती, असेच म्हणावे लागते. दोघेही अर्धपंखी गणातील होत, आणि त्यांचे नाते त्यांच्या सोंडेत दिसून येते.

ही सोंड म्हणजे एक म्यान असून तिच्यात केसाहूनही बारीक अशा चार सुया असतात. आतील दोन सुया एकमेकींत गुंतून दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली उतरते, दुसरीतून अन्न वर चढते. हत्यार एकच, लाळ मात्र निराळी. लाल ढेकण्याची लाळ सरकीतील गर पातळ करते. ढेकणाची लाळ रक्त गोठू देत नाही, म्हणून पाचदहा मिनिटांत तो टम्म फुगतो.

शोषलेली सरकी पोचट होते. परंतु शेतकऱ्याला अधिक नडते ती रुईची हानी. सुयांबरोबर बुरशी बोंडात शिरून रुईवर पिवळट डाग पडतात. जिनात चिरडलेल्या किड्यांचे डाग त्यात भर घालतात. ढेकूण झोप उडवितो आणि अंगाला खाज आणतो. मात्र तो माणसांत रोग पसरवितो, असे सिद्ध झालेले नाही.

दोघांचीही पिल्ले पाच वेळा कात टाकून प्रौढ होतात. ढेकणाला प्रत्येक कातीपूर्वी रक्त लागते. नुसत्या रक्तातून ब-जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत; ती त्याच्या शरीरात वस्ती करणारे जीवाणू पुरवितात. त्याचे पंख झडून केवळ खुंट उरले आहेत. उपाशी मात्र तो कित्येक महिने राहू शकतो, त्यामुळे घर बंद ठेवून तो जात नाही.

म्हणून उपायही वेगळे. लाल ढेकण्या उघड्यावर थव्याने राहत असल्याने झाड हलवून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात पाडता येतो. शेतात सांडलेली सरकी वेचावी व जवळच्या भेंडी-अंबाडीवरही नजर ठेवावी, कारण तेथेही तो पोसतो. ढेकणावर विषारी औषधांची मात्रा फार काळ चालत नाही. १९४७ सालीच पर्ल हार्बर येथील बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची आजीची रीत अजूनही उपयोगी पडते. सुमारे ५० अंश सेल्सियसच्या उष्णतेत ढेकूण तर मरतातच, त्यांची अंडीही वाचत नाहीत.