पुस्तकानंतरचे काम

चि. सौ. मीनल हिस वाईहून आत्याचे अनेक आशीर्वाद.

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणे, म्हणजे ज्याला हल्ली गृहशिक्षण म्हणतात ते, आणि त्या शिक्षणासाठी पाठ्यपुस्तकाऐवजी चित्रपुस्तकाचा आधार घेणे, या दोन्हींपैकी कशालाही या पत्राचा विरोध नाही, हे आधीच नोंदवलेले बरे. कारण आत्याचे पत्र आले म्हणजे बोलणी आली, हा घरातला समज अगदीच निराधार नसला तरी या वेळचे कारण निराळे आहे. नाशिकच्या वहिनींनी मुंजीच्या मांडवात जे काही सांगितले, म्हणजे ओवी साडेपाच वर्षांची होऊनही वाचत नाही, मीनलने चांगली नोकरी सोडून पोरीचे नुकसान चालवले आहे, उद्या सरकारी माणूस दारात उभा राहील, त्यातला बराचसा भाग वहिनींचा स्वभाव लक्षात घेऊन वजा करता येतो. वजा करता येत नाही ते एकच वाक्य. वहिनींनी ओवीला मांडीवर घेऊन गोष्टीचे पुस्तक उघडले, तेव्हा ती खाली उतरली आणि म्हणाली, "पुस्तक नको. मग काम येतं."

कायद्याचा प्रश्न लवकर आटोपण्याजोगा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे त्यात म्हटले असले, तरी ते न पाळणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा तर त्यात उल्लेखच नाही. पुढे परीक्षेची वेळ आली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे घरी अभ्यास करून दहावीला बसू देणाऱ्या केंद्रीय मंडळाची, वाट मोकळी आहे. वाचनाबद्दल बोलायचे तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही सगळी वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात धरली आहेत, त्यामुळे साडेपाचाव्या वर्षी अक्षर न लागणे हा काही आजार नव्हे. दादा, म्हणजे मीनलचे वडील, तिसरीपर्यंत 'ळ' उलटा काढत असे आणि पुढे त्याने धरणाच्या भिंतींचे नकाशे काढले, हे वहिनी सोयीस्करपणे विसरतात. म्हणजे काळजी ओवी वाचत नाही याची नाही. तिला वाचून दाखवलेलेही नको झाले आहे, याची आहे.

ज्या पुस्तकातले चित्र मजकुराच्या शोभेसाठी नसते, तर अर्धी गोष्ट स्वतः सांगते, म्हणजे शब्द झाकले तरी बरेचसे कळते पण चित्र झाकले तर गोष्ट लंगडी पडते, त्याला चित्रपुस्तक म्हणतात. ते बहुधा बत्तीस पानांचे असते आणि दहा मिनिटांत वाचून संपते. या दहा मिनिटांतून किती शिकवून घेता येईल, हा मोह नवा नाही. लहान मुलांसाठीचे पहिले नावाजलेले चित्रमय पुस्तक म्हणून ज्याचा हवाला दिला जातो, ते कोमेनियस यांचे १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेले पुस्तक मुळात लॅटिन शिकवण्यासाठीच होते, आणि त्यातल्या चित्रांमधल्या वस्तूंना आकडे घालून तेच आकडे शेजारच्या शब्दांना दिलेले होते. आज अमेरिकेतल्या घरी शिकवणाऱ्या पालकांत जेन क्लेअर लॅम्बर्ट यांची 'फाइव्ह इन अ रो' ही पद्धत लोकप्रिय आहे, आणि मीनलनेही सुरुवात तिथूनच केली: एकच चित्रपुस्तक ओळीने पाच दिवस रोज वाचायचे आणि रोजच्या वाचनानंतर समाज, भाषा, कला, गणित, विज्ञान यांपैकी एकेका बाजूने त्याच्याशी थोडा वेळ खेळायचे. पद्धत शहाणी आहे, कारण तेच पुस्तक पुन्हा वाचावे ही मुलाचीच मागणी असते. मात्र सुचवलेल्या पाठांतून निवड करायची असते, सगळे पाठ उरकायचे नसतात, एवढी त्यातली मेख आहे.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर मीनलने जे फोटो टाकले त्यांत ही निवड कुठे दिसली नाही. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकासाठी अकरा कार्यपत्रिका, म्हणजे मुलाने भरायचे छापील कागद, शिवाय लॅमिनेट केलेली फळे, वारांच्या पट्ट्या, अळीच्या आकाराचे मणी, आणि शेवटी मुलीच्या नावाचे प्रमाणपत्र. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री अशी त्या सुरवंटाची चढती भूक आहे, आणि प्रत्येक फळाला खरोखरचे भोक आहे. ओवीने आलुबुखार कधी चाखलेला नाही, तरी त्याचा पुठ्ठा तिच्या हातात होता. स्ट्रॉबेरी मात्र तिने वाईजवळच्या शेतात वाफ्यातून तोडून खाल्ली आहे, आणि तिची आठवण त्या दिवशी कुणी काढलेली दिसत नाही. त्यापेक्षा खटकणारी गोष्ट म्हणजे एका फोटोत तिचे बोट त्या भोकात आहे आणि मान वळवून ती कॅमेऱ्याकडे पाहते आहे, जसे मोठ्यांनी हाक मारल्यावर मूल पाहते. त्या बोटाला पलीकडे काय लागते ते पाहू द्यायला हवे होते. खुद्द कार्ल यांना हे पुस्तक सुचले ते कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोके पाडता पाडता, म्हणजे ज्याला घरातल्या मोठ्यांनी रिकामपणाचा उद्योग म्हटले असते त्यातून.

खर्चाचा विषय आत्याने काढला की मीनल ऐकून घेत नाही, म्हणून एवढेच की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात माँटेसरीच्या महाग साधनांची जागा खडे, शिंपले, बिया आणि पाने यांनी घेतली होती. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली गेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. मुलाकडे जे आहे तिथून सुरुवात करायची, हा त्यातला विचार. मीनलच्या कोथरूडच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, हे आत्याला पक्के माहीत आहे, कारण ते रोप वाईहून गेलेले आहे.

कढीपत्त्यावर लिंबावरचे फुलपाखरू एकेक करून फिकट पिवळी, मोहरीहूनही बारीक अंडी घालते. त्यांतून निघणारी अळी पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळीपांढरी दिसते, त्यामुळे पक्षी तिला सहसा खात नाहीत. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते, आणि काडीने डिवचले तर डोक्यामागून शेंदरी रंगाची दोन शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे ती काडीला स्वतःला रेशमाच्या एका धाग्याने कमरेशी बांधून घेते आणि तिचा कोश होतो. मराठीत अंगावर केस असलेल्या अळीला सुरवंट म्हणतात आणि ही अळी तर गुळगुळीत. शिवाय कार्ल यांच्या पुस्तकात सुरवंट स्वतःभोवती घर विणतो, ते पतंगांचे काम, आपल्याकडे ज्याला कोसला म्हणतात ते, तर कढीपत्त्यावरची ही अळी तसे काही विणत नाही. पुस्तकात एक आणि कुंडीत दुसरे, हे ओवीच्या आपणहून लक्षात आले तर तो अकरा कार्यपत्रिकांहून मोठा धडा होईल. नाही आले तर सांगण्याची घाई नको. तिने विचारले तर सांगावे. कोशातून फुलपाखरू निघायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मीनलने फोटो काढू नयेत.

पुन्हा ओवीच्या त्याच वाक्याकडे यावे लागते. मुलीला अळी येते, आकडे येतात, वारही येतात. पण पुस्तक उघडले की त्यामागून काम येणार हे जर तिला साडेपाचाव्या वर्षी पाठ झाले असेल, तर शाळेत न घालून मिळवले काय? शाळेत निदान घंटा होते आणि मूल घरी येते. ओवी घरून कुठे जाणार?

हे फार कठोर झाले. असे खडसावण्याचा आत्याचा अधिकार कितपत, याचाही हिशेब मांडायला हवा, कारण १९८९ ची दिवाळी मीनलला आठवत नसली तरी आत्याला आठवते. दादाने लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीतून मराठीत आलेले एक रशियन चित्रपुस्तक चार वर्षांच्या मीनलसाठी आणले होते, जाड कागदाचे, बर्फ पडत असलेल्या जंगलाचे. आत्या बालवाडीत नवी होती, सुट्टीनंतर तपासणी होती आणि तक्ते कमी पडत होते. एका रात्री तिने त्या पुस्तकातले अस्वल, कोल्हा आणि ससा कात्रीने कापून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवले आणि खाली ठळक अक्षरांत 'जंगली प्राणी' लिहिले. तपासणीत त्या तक्त्याला चांगला शेरा मिळाला. मीनलने सकाळी पुस्तक उघडले, अस्वलाच्या जागी पडलेल्या भोकात बोट घातले, पलीकडचे पान पाहिले, आणि न रडता गोष्ट सांगत पुढे गेली, जिथे अस्वल हवे होते तिथे ती म्हणाली, "अस्वल शाळेत गेलं." आजी हसली, दादा हसला, आणि घरात काही हरवले की तेच म्हणायचे असे होऊन गेले, आजोबांचा चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, पुढे दादाचे पेन्शनचे कागददेखील, सगळे शाळेत गेले. आत्याही हसली, परंतु त्यानंतरच्या बावीस वर्षांच्या नोकरीत तिने एकाही पुस्तकाला कात्री लावली नाही, हे तिने आजवर कुणाला सांगितलेले नव्हते.

तेव्हा मीनलने कार्यपत्रिका जाळाव्यात असे म्हणणे नाही. त्या कपाटात वर ठेवाव्यात, आठ दिवस नुसते वाचावे, आणि ओवी जिथे पान उलटू देणार नाही तिथे थांबावे. ती काही करू मागेल तर करावे. वाचताना झोप आली तर झोपावे. नोकरी सोडून दिवसभर मुलीबरोबर बसणाऱ्या आईला आपण काही करतो आहोत हे जगाला दाखवावेसे वाटते, आणि वहिनींसारखी माणसे ते दाखवायला भाग पाडतात, हे आत्याला कळते. तपासणी कुणाला चुकली आहे? मात्र वाईला कुणी तपासायला बसलेले नाही. मे महिन्यात दोघींनी यावे, हवे तितके राहावे, अमोलला, ओवीच्या बाबांना, सुट्टी नसेल तर त्याला डबा लावून द्यावा.

निवृत्तीच्या वेळी शाळेने जुने तक्ते रद्दीत काढले, तेव्हा त्यातला एक आत्याने मागून घेतला होता. परवा तो पाण्याच्या वाफेवर धरून अस्वल सोडवले आणि या पाकिटात ठेवले आहे. पुस्तक दादाच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत असावे; नसले तर नसो. ओवीला ते दिले तर सोबत काही सांगू नये, कुठे चिकटवायचे हेही नको. अस्वलाचा डावा कान कसरीने खाल्ला आहे, तो तसाच असू द्यावा.

आत्या