आष्टीला जाताना

सोलापूरकराला इतिहास बघायचा म्हटलं की गाडी नळदुर्गला जाते, नाहीतर विजापूरला. पेशवाईचा कणा मोडला तो आपल्याच जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या आष्टीत, हे शाळेत वाचून आपण विसरलेलो असतो. तिथं जाऊन पंढरपूरमार्गे संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. पण आमच्या दोन कुटुंबांचं त्या दिवशी जे झालं, ते तुमचं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

आधी गावाची खात्री करा. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचं ठिकाण, वर्ध्याकडची आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांमुळं प्रसिद्ध. पुतण्यानं मोबाइलमध्ये नुसतं ‘आष्टी’ घातलं आणि मोबाइलनं आम्हाला बीडच्या वाटेला लावलं. मोहोळला चहावाल्यानं सहज विचारलं, “कुठली आष्टी? बीडची का आपली?” म्हणून निभावलं. जुन्या पुस्तकांत ‘गोपाळ आष्टी’ असं नाव सापडेल. रस्त्यात विचारताना मात्र तालुका सांगावा.

दुसरं, वाचून जा. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते, कारण इथं तट नाही, बुरूज नाही. २० फेब्रुवारी १८१८ ला इथं झालेली लढाई घोडदळाची. इंग्रजांच्या जनरल स्मिथनं पायदळ मागं ठेवून घोडदळ आणि हलक्या तोफांनिशी पेशव्यांच्या छावणीला गाठलं. दुसरे बाजीराव निसटले. त्यांना निघून जायला सवड मिळावी म्हणून त्यांचे सेनापती बापू गोखले उलटे फिरून इंग्रजांवर चालून गेले आणि तिथंच पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह पेशव्यांच्या तळावर होते, ते इंग्रजांच्या हाती लागले. माझ्या मते खरा घाव हाच. ज्यांच्या नावानं पेशव्यांनी राज्य चालवलं, ते छत्रपतीच पलीकडं गेल्यावर बाजीरावांनी लढायचं कुणाच्या नावानं? पुढं जूनमध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेले आणि बिठूरला रवाना झाले.

हे ठाऊक नसेल तर समोर दिसतं ते नुसतं रान. आमची पोरं दहा मिनिटांत कंटाळली. एका आजोबांना लढाईची जागा विचारली तर म्हणाले, “लढाई काय एका जागी थांबून झाली का ताई? ह्या सगळ्या रानातनंच की.” त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नसतं. गावचा तलाव सुंदर आहे, थंडीत पक्षीही येतात. पण तो इंग्रजी अमदानीतला. लढाईचं चित्र डोळ्यांपुढं आणताना तो वजा करा.

तिसरं, पायांत बूट घाला. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू असते. काढलेल्या रानात बोटभर उंचीची, विळ्यानं तिरकी कापलेली धसकटं उभी असतात आणि काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. जाऊबाईंच्या रबरी चपलेतून धसकट आरपार गेलं. लांबून ते काडीसारखं दिसतं, पण तळव्यातून उपसताना त्याची धार कळली. धनुर्वाताचं इंजेक्शन मिळेपर्यंत दुपार कलली. रान कुणाचं तरी असतं. मालकाला विचारून, बांधानं चाला.

पाणी घरूनच न्या. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की हॉटेल शोधत बसावं लागत नाही.

पंढरपूरला जायचं तर निघण्याआधी कॅलेंडर उघडा. लढाईच्या तारखेच्या आसपास जायचा मोह होतो आणि माघी एकादशीही साधारण त्याच दिवसांत येते. त्या गर्दीत दर्शनबारीला लागलात तर आष्टी विसराच. आम्ही मुखदर्शन घेऊन, नामदेव पायरीला हात लावून निघालो. पाय दुखावलेलं माणूस बरोबर असताना तेवढंच जमण्यासारखं होतं. लेकरं लहान असतील तर उलटा क्रम धरा: पहाटे पंढरपूर, ऊन चढण्याआधी आष्टी आणि जेवायला मोहोळ.