वणव्यानंतर ओढे का रोडावले?

'झाडे तोडली की ओढे आटतात' हे वाक्य तुम्ही निबंधात अनेकदा लिहिले असेल. मग पुढील गोष्टीचा उलगडा कसा कराल?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचे बरेचसे पिण्याचे पाणी पूर्वेकडील अरण्यमय डोंगरांतून येते. जानेवारी १९३९ मध्ये तेथे भयंकर वणवा पेटला; डोंगरच्या डोंगर जळाले. पुढे नवे जंगल जोमाने उगवले. पण ते वाढू लागले तसतसे ओढ्यांचे पाणी घटत गेले, आणि २५-३० वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले!

हे जंगल निलगिरीच्याच एका जातीचे. तेथे तिला 'माउंटन अ‍ॅश' म्हणतात. निलगिरीच्या बहुतेक जातींना वणव्यानंतर खोडावर धुमारे फुटतात, हिला फुटत नाहीत; तीव्र आगीत झाड मरते. मात्र शेंड्यावरील बोंडांतून बी राखेवर सांडते आणि एका हेक्टरात लाखो रोपे उगवतात. वृद्ध अरण्यात तेवढ्याच जागेत काही डझन वृक्ष असतात.

आता पाण्याचा जमाखर्च मांडू. पाणलोट क्षेत्रातील पावसातून पानांवरच सुकणारे, जमिनीतून वाफ होऊन जाणारे आणि झाडांनी बाष्पोच्छ्वासाने हवेत सोडलेले पाणी वजा केले, की उरते ते ओढ्याचे. वर्षाचा पाऊस १८०० मिलिमीटर धरला, तर वृद्ध अरण्यातून ओढ्याला सुमारे १२०० मिलिमीटर मिळतात, तीस वर्षांच्या रानातून ६०० च्या आसपास. असे का? खोडातून पाणी वर नेते ते सालीलगतचे रसकाष्ठ. आतले मध्यकाष्ठ नुसता आधार देते. दाटीने वाढणाऱ्या तरुण झाडांच्या रसकाष्ठाची आणि पानांची एकूण बेरीज थोड्याशा प्रचंड वृक्षांपेक्षा जास्त भरते. स्पर्धेत झाडे मरून रान विरळ होते तसे पाणी परतू लागते, पण पूर्ववत व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. (सर्व ओढ्यांत ही घट सारखी नसते, हेही सांगितले पाहिजे.)

म्हणजे जंगल तोडावे काय? मुळीच नाही. येथे जुने अरण्य तोडणे म्हणजे त्या जागी तहानलेले तरुण रान आणणे. शिवाय उघड्या उतारावरची माती ओढ्यात येते ती वेगळीच.

यात हवामानाची भर पडते. १९९७ ते २००९ या काळात तेथे दीर्घ अवर्षण होते. पाऊस ज्या प्रमाणात घटला त्याहून ओढे कितीतरी अधिक घटले. वरचेच गणित पुढे चालवा. पाऊस १८०० वरून १५०० झाला आणि झाडांचा खर्च तेवढाच राहिला असे धरा. वृद्ध अरण्याचा ओढा १२०० वरून ९०० वर येईल, म्हणजे पाव हिश्शाने घटेल. तरुण रानाचा मात्र ६०० वरून ३०० वर!

त्या अवर्षणाच्या अखेरीस, फेब्रुवारी २००९ मध्ये, पुन्हा मोठे वणवे लागले. माउंटन अ‍ॅशला पुरेसे बी धरायला १५ ते २० वर्षे लागतात. हवा तापत गेली आणि त्याआधीच दुसरा वणवा आला, तर राखेवर सांडायला बीच नसते. मग त्या उतारावर बहुधा बाभळीच्या कुळातील झाडांचे रान माजते.